माल एकाचा, नाव दुसऱ्याचे : ‘टायटन क्वेस्ट’ या खेळाच्या धंद्याची हकीकत



या पानावर आपण बहुधा कापड, चामडे, भांडी, फर्निचर अशा हातात धरता येणाऱ्या मालाविषयी बोलतो. या वेळी विषय निराळा घेतला आहे. घरातली मुले संगणकापुढे तासन्‌तास जे खेळ खेळत बसतात, तेही कोणीतरी मांडी ठोकून घडविलेले असतात. त्या धंद्यातही उस्ताद आणि शागिर्द आहेत, मजुरी आहे, बयाणा आहे, ठेका आहे आणि दिवाळेही आहे. अशाच एका खेळाची, ‘टायटन क्वेस्ट’ची, हकीकत आम्ही आज सांगणार आहोत. मुलांनी असले खेळ खेळावेत की नाही, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. आपल्याला पाहावयाचा आहे तो धंद्याचा हिशोब.

हा खेळ २६ जून २००६ रोजी बाजारात आला. तो बनविणारी कंपनी फेब्रुवारी २००८ मध्ये बंद पडली. तो विकणारी कंपनी २०१३ साली लिलावात निघाली. खेळ मात्र चालूच राहिला, त्याला नव्या पुरवण्या निघाल्या, आणि २०२५ साली त्याचा दुसरा भागही विक्रीला आला. घडविणारा गेला, विकणारा गेला, माल तरला. असे का झाले, आणि ज्यांनी तो हाताने घडविला त्यांच्या पदरात काय पडले, हे समजून घेण्यासारखे आहे.

कच्चा माल फुकटचा

खेळाचा मजकूर प्राचीन ग्रीकांच्या दंतकथांतून घेतला आहे. बैलाचे डोके असलेला राक्षस मिनोटॉर, केसांच्या जागी साप असलेली मेड्युसा, अर्धा माणूस अर्धा घोडा असे सेंटॉर आणि टायफन नावाचा महाकाय दैत्य, अशी ही मंडळी. या कथा अडीच हजार वर्षांहून जुन्या. त्यांच्यावर कोणाचा मालकी हक्क नाही, त्या वापरावयाच्या तर कोणाला दमडी द्यावी लागत नाही. त्यामुळे याच खाणीतून अनेकांनी दगड काढले. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८६ सालीच ‘किड इकारस’ काढला होता. मार्च २००५ मध्ये, म्हणजे टायटन क्वेस्टच्या सव्वा वर्ष आधी, सोनी कंपनीने ‘गॉड ऑफ वॉर’ आणला आणि तो जगभर गाजला.

कच्चा माल सर्वांना खुला असला, की किंमत येते ती घडणावळीला आणि नावाला. कथा कोणाचीही नसली, तरी ‘टायटन क्वेस्ट’ हे दोन शब्द मात्र मालमत्ता ठरतात. ते नोंदवता येतात, विकता येतात, लिलावात मांडता येतात. पुढची सगळी हकीकत या दोन शब्दांभोवती फिरते.

घडणावळ

ब्रायन सुलिव्हन हे या धंद्यातले जुने उस्ताद. १९९७ साली आलेला ‘एज ऑफ एम्पायर्स’ हा प्रसिद्ध खेळ ज्या एन्सेम्बल स्टुडिओजने बनविला, तिच्या संस्थापकांपैकी ते एक. तेथून बाहेर पडून त्यांनी २००० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात आयर्न लोर एन्टरटेनमेंट ही कंपनी काढली. तिचे बस्तान मेनार्ड या गावी होते. कंपनी निघाल्यापासून पहिला माल बाजारात येईपर्यंत सहा वर्षे गेली. सहा वर्षे घरभाडे, पगार, वीज, यंत्रे, आणि विक्री शून्य. हातमागावर एक पैठणी महिनोन्‌महिने चढलेली राहते तेव्हा घरात काय परिस्थिती असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला येथे अधिक सांगावयास नको.

काम मात्र मन लावून केले होते. या जातीच्या खेळात तेव्हा ब्लिझार्ड कंपनीच्या ‘डायब्लो २’चे राज्य होते. त्यातील रस्ते आणि भुयारे संगणक दर वेळी आपोआप नव्याने जुळवीत असे. आयर्न लोरच्या माणसांनी ती सोपी वाट सोडली आणि सारा मुलूख हाताने रचला. खेळाडूची वाटचाल ग्रीसमधल्या एका खेड्यापासून सुरू होते. स्पार्टा, डेल्फी, अथेन्स करीत तो क्रीट बेटावर नोसॉसच्या चक्रव्यूहात उतरतो. तेथून पुढे इजिप्तमध्ये मेम्फिस, गिझाचे पिरॅमिड, थीब्ज. मग बाबिलोनच्या झुलत्या बागा. आणि तेथून रेशीम मार्गाने चीनपर्यंत. आमच्या वाचकांना यातला शेवटचा टप्पा सर्वांत जवळचा वाटावा, कारण तो दंतकथेतला रस्ता नव्हे. शतकानुशतके व्यापाऱ्यांच्या काफिल्यांनी तुडविलेला खराखुरा रस्ता आहे.

बारकावेही पाहण्यासारखे. माणूस गवतातून चालला की गवताची पाती बाजूला होत. शत्रूच्या हातात जी तलवार किंवा ढाल दिसे, तीच तो पडल्यावर खाली पडे; इतर खेळांत उंदीर मारला तरी त्याच्या पोटातून चिलखत निघत असे. एकंदर आठ विद्या ठेवल्या होत्या आणि त्यांतून कोणत्याही दोन घेऊन खेळाडूने आपला योद्धा घडवावयाचा, म्हणजे नुसत्या जोड्याच अठ्ठावीस झाल्या. कथा लिहावयास ‘ब्रेव्हहार्ट’ चित्रपटाचे लेखक रँडल वॉलेस यांना घेतले होते. शिवाय खेळाबरोबर नकाशे बनविण्याची अवजारेही गिऱ्हाईकाच्या हाती दिली होती. ज्याला हौस असेल त्याने आपला मुलूख आपण रचावा. या शेवटच्या गोष्टीचे मोल पुढे कळले. कंपनी बंद पडल्यावरही लोक घरी बसून या खेळासाठी नवे भाग रचीत राहिले आणि मालाची आठवण बाजारात ताजी राहिली.

ठेका कोणाशी होता

खेळ घडविणारा एक आणि तो छापून, जाहिरात करून दुकानांत पोहोचविणारा दुसरा, अशी या धंद्यात रीत आहे. विकणाऱ्याला प्रकाशक म्हणतात. साधारण व्यवहार असा, की प्रकाशक घडविणाऱ्याला टप्प्याटप्प्याने उचल देतो. माल विकला जाऊ लागला की घडविणाऱ्याचा हिस्सा आधी त्या उचलीत वळता होतो. उचल फिटली तर पुढे हाती काही पडते. यंत्रमागावर व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीने कापड विणून देणाऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. सूत त्याचे, छाप त्याचा, विणकाम आपले.

आयर्न लोरचा प्रकाशक होता टीएचक्यू. ही कंपनी मुळात खेळण्यांची; तिच्या नावातील पहिला शब्द ‘टॉय’ हाच. ‘टायटन क्वेस्ट’ हे नाव टीएचक्यूच्या मालमत्तेत होते, हे पुढे तिच्या लिलावात उघड झाले. आयर्न लोरच्या हातात राहिले ते इंजिन. हा शब्द जरा समजून घ्या. चित्र कसे उमटावे, माणूस कसा चालावा, घाव कसा लागावा, हे सर्व ज्या मूळ प्रोग्रॅमवर चालते त्याला इंजिन म्हणतात. तो माग आहे. आज त्यावर एक कापड विणले, उद्या दुसरे विणता येते. म्हणजे छाप व्यापाऱ्याचा आणि माग विणकराचा, अशी ही वाटणी होती. त्या वेळी कोणाला ती फार महत्त्वाची वाटली नसेल.

बदनामी

खेळ दुकानांत येण्यापूर्वीच त्याची प्रत फुटली आणि चोरीच्या नकला सगळीकडे पसरल्या. या धंद्यात चोरी नवी नाही. पण येथे जे घडले ते विचित्र होते. घडविणाऱ्यांनी खेळात ठिकठिकाणी गुप्त कुलुपे बसविली होती. चोरांनी घाईघाईत वरवरची तोडली, आतली राहून गेली. त्यामुळे चोरीचा खेळ सुरू तर नीट होई. परंतु कथेतला एखादा प्रसंग आला, की आत तपासणी होई आणि प्रत चोरीची निघाली की खेळ एकदम बंद पडे. का बंद पडला हे पडद्यावर काहीच येत नसे.

चोरीचा माल वापरणारा स्वतःला कधी दोष देतो काय? या लोकांनी बोंब मारली, की खेळच सदोष आहे, अर्ध्यावर बंद पडतो. खरा खेळ विक्रीस येण्याच्या आधीच ‘माल कच्चा आहे’ अशी हवा झाली. टीएचक्यूचे मायकल फिच या अधिकाऱ्याने २००८ मध्ये, आयर्न लोर बंद पडल्यानंतर, हा सगळा प्रकार उघड लिहिला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे एका गृहस्थाने तर आपण पैसे देऊन खेळ विकत घेतला असूनही तो अगदी तसाच बंद पडतो, असे ठासून सांगितले होते.  फिच यांनी दुसरीही तक्रार केली होती. अनेकांचे संगणक खेळाला पुरेशा ताकदीचे नसत, नाहीतर त्यांत नको त्या गोष्टी भरलेल्या असत. आणि खेळ अडखळला की दोष मात्र खेळाला.

फिच प्रकाशकाच्या बाजूचे, तेव्हा हे एका पक्षाचे म्हणणे आहे हे लक्षात ठेवावे. एक खेळ पडला तो चोरीमुळेच पडला, असे ठरविणे कठीण. पण आम्हाला यात घडविणाऱ्यांची एक चूक स्पष्ट दिसते. कुलूप लावले, परंतु पाटी लावली नाही. ‘ही प्रत चोरीची आहे, म्हणून खेळ थांबविला’ एवढे एक वाक्य पडद्यावर आले असते, तर बदनामी चोराची झाली असती. ते नव्हते, म्हणून ती कारागिराची झाली. नामांकित छापाची नक्कल घेणारे गिऱ्हाईक शिलाई उसवली की नाव घेते ते मूळ छापाचेच, हा अनुभव बाजारात सर्वांना आहे.

कारखाना बंद

मार्च २००७ मध्ये ‘इम्मॉर्टल थ्रोन’ ही पुरवणी आली. ग्रीक कथांतील पाताळाची सफर तीत होती आणि नववी विद्याही. एका खेळाडूचा माल दुसऱ्या खेळाडूसाठी ठेवता यावा म्हणून प्रत्येक नगरात काफिलेवाला बसविला होता, म्हणजे एक प्रकारची वखारच. जाणकारांनी पुरवणीची तारीफ केली. पण पुरवणी म्हणजे जुन्याच कापडाला जोडलेला काठ. त्यावर कारखाना चालत नाही. पुढच्या नव्या खेळासाठी पैसा हवा होता.

तोवर आयर्न लोरने टीएचक्यूसाठीच आणखी एक काम अंगावर घेतले. ‘डॉन ऑफ वॉर’ नावाच्या दुसऱ्याच खेळाची ‘सोलस्टॉर्म’ ही पुरवणी बनवून द्यावयाची होती. ते नाव यांचे नाही, तो मूळ खेळही यांचा नाही. चुलीत लाकूड राहावे म्हणून कारागीर असले काम घेतो, त्यात गैर काही नाही. पण एकाच गिऱ्हाइकावर सगळा कारखाना टांगलेला होता. नव्या खेळासाठी भांडवल उभे राहिले नाही आणि फेब्रुवारी २००८ मध्ये आयर्न लोरने टाळे लावले. ‘सोलस्टॉर्म’ दुकानांत आली ती त्यानंतर, मार्च महिन्यात. माल शेल्फवर मांडला जात असताना तो घडविणारे हात नोकरी शोधत होते.

लिलाव

विकणाऱ्यालाही फार दिवस सुख लाभले नाही. टीएचक्यूने पडद्यावर चित्र काढण्याची ‘यूड्रॉ’ नावाची पाटी काढली. २०१० साली निन्टेन्डोच्या ‘वी’ यंत्रासाठी ती बरी खपली. त्या जोरावर २०११ साली दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांसाठीही तिचा प्रचंड साठा करून ठेवला. तो उठला नाही. लाखो नग पडून राहिले. एका हंगामाची विक्री पाहून दुसऱ्या हंगामाला गोदाम भरण्याची ही चूक कोठेही व्हावी अशीच. डिसेंबर २०१२ मध्ये टीएचक्यूने दिवाळ्याचा अर्ज दिला आणि २०१३ च्या प्रारंभी तिची मालमत्ता तुकड्या-तुकड्याने लिलावात निघाली.

मोठी नावे पहिल्या फेरीत मोठ्या कंपन्यांनी उचलली. जी उरली, ती एप्रिलमध्ये नॉर्डिक गेम्स या कंपनीने सुमारे ४९ लाख डॉलर्सना घेतली. त्या गाठोड्यात ‘डार्कसायडर्स’, ‘रेड फॅक्शन’ यांच्याबरोबर ‘टायटन क्वेस्ट’ही होता.

ही नॉर्डिक कंपनी कोणाची? स्वीडनच्या लार्स विंगेफोर्स यांची. किशोरवयात जुनी कॉमिक्स आणि मग जुने खेळ विकत घेऊन पुन्हा विकणे, येथून त्यांनी धंद्याला सुरुवात केली. जुन्या बाजारातील माणसाची नजर त्यांना होती. बुडालेल्या कंपनीची बाकी सारी गडबड सोडून तिची नावे तेवढी उचलावयाची, ही त्यांची रीत. २०११ साली ऑस्ट्रियातील जोवूड कंपनी बुडाली तेव्हाही त्यांनी हेच केले होते. इतकेच काय, २०१४ साली त्यांनी टीएचक्यू हे नावही विकत घेतले आणि २०१६ पासून नॉर्डिक गेम्सची ‘टीएचक्यू नॉर्डिक’ झाली. बुडालेल्याची पाटी स्वतःच्या दुकानावर लावण्यास छाती लागते. अर्थात लोक ती पाटी ओळखत होते, हाच तर व्यवहार होता.

घेतलेला माल त्यांनी नुसता धूळ खात ठेवला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी, दहा वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने, खेळाची दुरुस्त आवृत्ती काढली. जुने दोष काढले, अनेकांनी मिळून खेळण्याची व्यवस्था पुन्हा बसविली. आणि ‘स्टीम’ या विक्रीकेंद्रावर ज्यांनी जुना खेळ घेतला होता त्यांना ती फुकट दिली. जुने गिऱ्हाईक खूश झाले, तेव्हा त्याच्यापुढे नवा माल ठेवला. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्तर युरोपच्या दंतकथांवरची ‘रॅग्नारॉक’ ही पुरवणी आली, आधीच्या पुरवणीनंतर तब्बल दहा वर्षांनी. २०१९ मध्ये ‘अटलांटिस’. सप्टेंबर २०२१ मध्ये काही दिवस मूळ खेळच फुकट वाटला आणि त्याच डिसेंबरात ‘इटर्नल एम्बर्स’ ही पुरवणी विकत दिली. नमुना फुकट देऊन थानाचे गिऱ्हाईक जोडावे, तसे हे.

मात्र घडविणाऱ्यांच्या नशिबाचा फेरा येथेही चुकला नाही. ‘रॅग्नारॉक’ स्वीडनमधील पीसेस इंटरॅक्टिव्ह या छोट्या कंपनीने बनविली होती. विंगेफोर्स यांचा मूळ समूह पुढे ‘एम्ब्रेसर’ या नावाने भराभर कंपन्या विकत घेत सुटला. २०२३ साली त्याचा एक फार मोठा सौदा फिसकटला आणि छाटणी सुरू झाली. त्या छाटणीत जून २०२४ मध्ये पीसेसलाही टाळे लागले.

मागाचे काय झाले

आता आयर्न लोरच्या माणसांकडे परत येऊ. आर्थर ब्रुनो हे टायटन क्वेस्टचे एक प्रमुख रचनाकार. २००८ साली काम गेल्यावर त्यांनी क्रेट एन्टरटेनमेंट ही कंपनी काढली. नाव त्यांना मिळणार नव्हते. परंतु इंजिन टीएचक्यूकडे गेलेले नसल्याने ते वापरण्याचा परवाना त्यांनी मिळविला. जुना माग, जुने हात, नवे कापड. ग्रीक कथा सोडून त्यांनी स्वतःचा एक उजाड मुलूख कल्पिला आणि त्याला ‘ग्रिम डॉन’ असे नाव दिले. कोणताही दोन विद्या जोडण्याचा तो जुना नमुना तसाच ठेवला. जाणत्याला पाहताक्षणी हात ओळखू यावा.

प्रकाशक नव्हता, उचल नव्हती. मोजक्या माणसांनी काही वर्षे रेटून काम केले. २०१२ साली त्यांनी ‘किकस्टार्टर’वर थेट गिऱ्हाइकांकडेच आगाऊ पैसे मागितले. मागणी होती २ लाख ८० हजार डॉलर्सची. चौदा हजारांहून अधिक लोकांनी मिळून ५ लाख ३७ हजारांवर रक्कम जमविली. त्यांतील पुष्कळांनी टायटन क्वेस्ट खेळलेला होता आणि तो कोणाच्या हातचा आहे हे त्यांना माहीत होते. डब्यावरचे नाव टीएचक्यूचे असले, तरी गिऱ्हाइकाने कारागिराचे नाव लक्षात ठेवले होते. २०१३ मध्ये अर्धवट तयार खेळ आधी विकावयास सुरुवात झाली आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी पूर्ण ‘ग्रिम डॉन’ बाहेर पडला. विक्री क्रेटने स्वतःच केली, मध्ये कोणी नाही. पुढे २०१७ आणि २०१९ मध्ये त्याच्या दोन मोठ्या पुरवण्या निघाल्या.

त्या नावाचे म्हणाल, तर ऑगस्ट २०२३ मध्ये टीएचक्यू नॉर्डिकने ‘टायटन क्वेस्ट २’ची घोषणा केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची अपूर्ण आवृत्ती विक्रीस खुली केली. या वेळी पुन्हा निव्वळ ग्रीस आणि वैरीण नेमेसिस. हे काम जर्मनीतील म्युनिकच्या ग्रिमलोर गेम्सने केले. ‘लोर’ हा शब्द पाहून वाचकांनी फसू नये, जुन्या आयर्न लोरशी तिचा संबंध नाही. तिने इंजिनही बाजारातून घेतले, ‘अनरिअल’ नावाचे. २००६ सालच्या त्या मागावर या दुसऱ्या भागातला एक धागाही विणलेला नाही.